दमट हवेतलं पेप्टाइड सीरम: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी निवड, वापर आणि दुरुस्ती

पेप्टाइड सीरमची, म्हणजे सुरकुत्यांसाठी चेहऱ्याला लावायच्या पातळ द्रवाची, बाटली घेण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारा. रोज सकाळी पुरेसं सनस्क्रीन लागतं का? आणि तोंड धुतल्यावर चेहरा ओढल्यासारखा वाटू नये, एवढं काम करणारं मॉइश्चरायझर घरात आहे का? यातल्या एकाचं उत्तर जरी ‘नाही’ असेल, तर पैसे आधी तिकडे घाला. ऑस्ट्रेलियातल्या नँबूर गावात ९०३ प्रौढांवर साडेचार वर्षं चाचणी चालली. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेवर वयाच्या खुणा, मर्जीनुसार लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी आढळल्या. कुठल्याही पेप्टाइडच्या पाठीशी इतका भक्कम पुरावा नाही. सुरकुत्यांसाठी दुसरा मजबूत पुरावा व्हिटॅमिन ए च्या गटातलं औषध ट्रेटिनॉइन आणि त्याच्या कुटुंबातल्या रेटिनॉलचा आहे. पेप्टाइडचा नंबर त्यानंतर लागतो.

तरी पेप्टाइडला जागा आहे, आणि ती जागा आमच्या मते मोलाची आहे. रेटिनॉल लावलं की ज्यांचा चेहरा लाल होतो, सोलतो आणि मग महिनाभर काळे डाग राहतात, अशी माणसं आपल्याकडे खूप आहेत. सावळ्या आणि गव्हाळ त्वचेत प्रत्येक जळजळ डाग मागे ठेवू शकते. पेप्टाइड जवळपास कधीच जळजळत नाही. म्हणून सौम्य, सावकाश आणि वर्षानुवर्षं चालणारा उपाय हवा असेल त्यांनी ते जरूर वापरावं. काळे डाग किंवा वांग हीच मुख्य तक्रार असेल, तर मात्र पेप्टाइडने फारसा फरक पडणार नाही. तिथे लोहाचे ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन आणि त्वचारोगतज्ज्ञ हा रस्ता धरा.

पेप्टाइड त्वचेत करतं काय

अमिनो आम्लांची छोटी साखळी म्हणजे पेप्टाइड, आणि खूप लांब साखळी म्हणजे प्रथिन. कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन, साधारण ३ लाख डाल्टन वजनाचं असतं (डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं एकक). ते क्रीममधून त्वचेत शिरत नाही, वरच्या थरावर बसून फक्त ओलावा धरतं. सुमारे ५०० डाल्टनपेक्षा जड रेणू धडधाकट त्वचेतून सहज आत जात नाही, असा ठोकताळा आहे. पेप्टाइडची सगळी कसरत या मर्यादेच्या आसपास चालते. म्हणून त्यांना तेलात मिसळणारी पामिटिक आम्लाची शेपटी जोडतात. नावातला ‘पामिटॉइल’ हा शब्द तिथून येतो. शेपटीमुळे वजन वाढतं, पण त्वचेच्या तेलकट वरच्या थरात रेणू जास्त सहज विरघळतो.

लेबलवर शोधायची नावं मोजकी आहेत.

पामिटॉइल पेंटापेप्टाइड-४ हे संदेश देणारं पेप्टाइड आहे. बाजारात ते मॅट्रिक्सिल म्हणून ओळखलं जातं आणि फ्रान्सच्या सेडर्मा कंपनीने ते आणलं. यातला पाच अमिनो आम्लांचा तुकडा प्रोकोलॅजनमधलाच आहे. असे तुकडे आजूबाजूला दिसले की त्वचेतल्या फायब्रोब्लास्ट पेशी नवं कोलॅजन बनवायला लागतात, हे पेशींवरच्या प्रयोगांत दिसलं. डोळ्यांखालच्या बारीक रेषा आणि खरखरीत पोत यांसाठी पहिली निवड हीच. मॅट्रिक्सिल ३००० वेगळं: त्यात पामिटॉइल ट्रायपेप्टाइड-१ आणि पामिटॉइल टेट्रापेप्टाइड-७ अशी जोडी असते.

कॉपर ट्रायपेप्टाइड-१ तांबं वाहून नेतं. त्याचा तांब्याविना असलेला भाग १९७३ मध्ये लॉरेन पिकार्ट यांनी माणसाच्या रक्तद्रवात शोधला. तांब्यासकट त्याचं वजन सुमारे ४०० डाल्टन, म्हणजे मर्यादेच्या आत. जखम भरण्याशी त्याचा संबंध पुष्कळ अभ्यासला गेला आहे. त्याचे नखरेही सगळ्यात जास्त आहेत, ते पुढे येतील.

ॲसिटिल हेक्सापेप्टाइड-८, म्हणजे आर्जिरेलिन. ‘बाटलीतलं बोटॉक्स’ म्हणून विकलं जातं ते हे. स्नायूला आकुंचनाचा निरोप पोहोचवणाऱ्या यंत्रणेतल्या एका प्रथिनाची ते नक्कल करतं, आणि कल्पना हुशार आहे. पण त्याचं वजन सुमारे ८९० डाल्टन आहे. कातडीच्या तुकड्यांवरच्या प्रयोगात ते बहुतांशी सगळ्यात वरच्या मृत थरातच अडकलेलं सापडलं. खरं बोटॉक्स इंजेक्शनने थेट स्नायूत जातं, त्यामुळे त्याच्याशी बरोबरी होत नाही. कपाळावर किंवा डोळ्यांच्या कडेला हसताना पडणाऱ्या बारीक रेषा थोड्या मऊ दिसल्या तर समाधान मानावं. गाल ओघळले असतील, जबड्याची रेषा सुटली असेल, तर कुठलंही सीरम ती वर उचलत नाही. या एका गोष्टीवर लोकांचे सर्वांत जास्त पैसे वाया जातात.

टक्केवारीचा घोळ

बाटलीवर ‘१० टक्के पेप्टाइड’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ बहुतेक वेळा असा, की पेप्टाइड विरघळवलेलं कारखान्याचं तयार द्रावण १० टक्के घातलं आहे. त्या द्रावणात ग्लिसरीन, पाणी आणि टिकवणारे घटक असतात. शुद्ध पेप्टाइड एका टक्क्याचाही लहानसा अंश असतं. यात फसवणूक असतेच असं नाही, कारण मुळात लागतंच इतकं कमी. मॅट्रिक्सिलची जी १२ आठवड्यांची चाचणी नेहमी सांगितली जाते, ती ३५ ते ५५ वयाच्या ९३ गोऱ्या स्त्रियांवर, चेहऱ्याच्या एका बाजूला पेप्टाइडचं आणि दुसऱ्या बाजूला साधं क्रीम लावून झाली. त्यात पेप्टाइडचं प्रमाण दहा लाखांत ३ भाग होतं. म्हणजे ३० ग्रॅमच्या क्रीममध्ये ०.०९ मिलिग्रॅम. साध्या क्रीमपेक्षा रेषांमध्ये फरक दिसला, पण तो लहान होता. आपल्या त्वचेच्या रंगावरच्या चाचण्या कमी आहेत, हे लक्षात ठेवूनच अपेक्षा बांधावी.

त्यामुळे १० टक्क्यांपेक्षा २० टक्के दुप्पट चांगलं, असं समजू नका. आणि याच कारणाने पेप्टाइडची पावडर मागवून घरी सीरम बनवू नका. स्वयंपाकघरातला वजनकाटा ग्रॅम दाखवतो, इथे हिशेब मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागाचा आहे. शिवाय टिकवणारा घटक नीट बसला नाही, तर पाण्याचं सीरम आपल्या जूनच्या हवेत काही दिवसांत जंतूंनी भरतं आणि डोळ्यांनी ते कळतही नाही.

लेबल वाचताना आणखी एक नियम उपयोगी पडतो. २०२० च्या प्रसाधन नियमांनुसार एक टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्यानंतर कसेही लिहिता येतात. म्हणून पेप्टाइड यादीच्या शेवटी दिसलं तर बाटली बाजूला ठेवायची गरज नाही, ते तिथेच असणार. पाहायचं ते वेगळं: सुगंध आहे का? असेल तर टाळा, कारण ‘पेप्टाइडने ॲलर्जी आली’ म्हणतात तेव्हा दोषी बहुधा सुगंध किंवा टिकवणारा घटक असतो. आयात केलेल्या मालावर आयात नोंदणी क्रमांक आणि देशी मालावर उत्पादन परवान्याचा क्रमांक आहे का, तेही बघा. क्रमांक नसलेली बाटली निम्म्या किमतीत मिळाली तरी घेऊ नये.

कॉपर पेप्टाइडचा स्वतःचा रंग निळा असतो. एक टक्का असल्याचा दावा करणारं पारदर्शक सीरम पाण्यासारखं रंगहीन दिसलं, तर शंका घ्या. उलट निळं दिसलं पण यादीत ‘सी.आय. ४२०९०’ असेल, तर तो निळा रंग वरून घातलेला आहे.

लावायचं कसं

पहिले सात दिवस चेहऱ्यावर लावूच नका. कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत, सकाळ-संध्याकाळ एक थेंब लावा. खाज, लाली किंवा पुरळ आलं नाही, तर पुढचे तीन दिवस फक्त जबड्याच्या एका कडेला लावा आणि मग पूर्ण चेहऱ्यावर या. दोन नवी उत्पादनं एकाच आठवड्यात सुरू करू नका. काही उठलं तर कशामुळे उठलं ते कळणार नाही.

सकाळी साबण न वापरता सौम्य फेसवॉशने तोंड धुवा. हे विशेषतः घोडबंदर रोडच्या ज्या सोसायट्यांमध्ये टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतं, त्यांनी पाळावं. जड पाण्यातले क्षार साबणाशी मिळून चेहऱ्यावर पातळ थर सोडतात. त्वचा कोरडी पडते आणि वर लावलेलं सगळं त्या थरावर घसरतं. पाणी फारच जड असेल, तर शेवटचा हबका फिल्टरच्या पाण्याचा मारा.

टॉवेलने टिपून घ्या, पण चेहरा किंचित ओलसर राहू द्या. चेहऱ्याला ३ ते ४ थेंब आणि मानेला २ थेंब पुरतात, म्हणजे साधारण पाव मिलिलिटर. ड्रॉपर भरभरून ओतायचा नाही. ड्रॉपरचं टोक त्वचेला लावायचं नाही, थेंब तळहातावर घ्यायचे. कपाळ, डोळ्यांच्या कडा, गाल आणि मान अशा ठिकाणी ठेवून दोन्ही हातांनी दाबत पसरवा. डोळ्याच्या पापणीकडच्या कडेपासून बोटभर अंतर ठेवा. दिवसातून दोनदा या मापाने ३० मिलीची बाटली सुमारे दोन महिने चालते. तीन आठवड्यांत संपत असेल, तर हात सैल आहे.

दोन ते तीन मिनिटं थांबा. मग मॉइश्चरायझर आणि मग सनस्क्रीन: चेहरा आणि मान मिळून तर्जनी आणि मधल्या बोटाच्या लांबीएवढ्या दोन रेघा. एसपीएफ ३० किंवा ५०, आणि यूव्हीए (त्वचेत खोल जाणारे अतिनील किरण) संरक्षण नमूद केलेलं. मार्च ते मे या महिन्यांत दुपारचा अतिनील निर्देशांक आपल्याकडे १० च्या पुढे जातो. ऐरोली, रबाळे किंवा तुर्भ्याच्या फलाटावर उन्हात लोकलची वाट पाहणाऱ्याचं सकाळी ८ चं सनस्क्रीन घामाने लवकर उतरतं. दुपारी बाहेर पडायच्या आधी पुन्हा लावा. काचेतून यूव्हीए आत येतो, त्यामुळे खिडकीशेजारी बसणाऱ्यांनाही सूट नाही.

रात्री तोच क्रम, फक्त सनस्क्रीन वगळून. सनस्क्रीन आणि घाम उतरवण्यासाठी आधी मायसेलर पाणी किंवा क्लेन्झिंग बाम, मग फेसवॉश. घाईच्या दिवशी एक वेळच लावता आलं तर रात्रीची वेळ धरा.

कशाबरोबर चालतं, कशाबरोबर नाही

नायसिनामाइड, हायल्युरॉनिक आम्ल, सेरामाइड, पॅन्थेनॉल: बिनधास्त. रेटिनॉलही चालतं, आणि ही जोडी आम्हाला सर्वांत जास्त पटते. आठवड्यातून दोन रात्री वाटाण्याएवढं रेटिनॉल, बाकीच्या रात्री पेप्टाइड. त्वचा शांत राहिली तर महिन्याभराने रेटिनॉलच्या रात्रीही आधी पेप्टाइड, पाच मिनिटांनी मॉइश्चरायझर, त्यावर रेटिनॉल असं करता येतं. गरोदरपणात रेटिनॉल पूर्ण बंद. त्या काळात पेप्टाइड सुरू ठेवायचं की नाही हे डॉक्टरांना बाटली दाखवून ठरवा.

ग्लायकॉलिक किंवा सॅलिसिलिक आम्लाची रात्र वेगळी ठेवा. आम्लाने पेप्टाइडचा क्षणात नाश होतो ही भीती अतिरंजित आहे, पण एकाच रात्री सगळं थापून त्वचा दुखावण्यात काही मिळकत नाही.

कॉपर पेप्टाइडचे नियम मात्र कडक. शुद्ध व्हिटॅमिन सी, म्हणजे एल-ॲस्कॉर्बिक आम्ल, साडेतीनपेक्षा कमी सामूवर (पीएचवर), म्हणजे बऱ्याच आंबट माध्यमात, ठेवलेलं असतं. तांबं त्याचं ऑक्सिडीकरण झपाट्याने करतं, आणि इतक्या आंबट माध्यमात पेप्टाइडची तांब्यावरची पकडही सुटते. दोन्हींचं नुकसान. म्हणून व्हिटॅमिन सी सकाळी, कॉपर पेप्टाइड रात्री. ईडीटीए असलेलं सीरमही त्याच्यात तळहातावर मिसळू नका, कारण ईडीटीएचं कामच धातू पकडून ठेवण्याचं आहे. निळा रंग हिरवट किंवा तपकिरी झाला की बाटली टाकून द्या.

इथल्या हवेत हमखास बिघडणाऱ्या गोष्टी

सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे सनस्क्रीन लावताना मळासारखे गोळे सुटणं. याला पेप्टाइड जबाबदार नसतं. सीरम दाट करणारे डिंक आणि हायल्युरॉनिक आम्ल वाळून पातळ पापुद्रा होतो. त्यावर सिलिकॉनचं सनस्क्रीन घासलं की तो गुंडाळून निघतो. पावसाळ्यात हवा इतकी ओली असते, की खालचा थर वाळायला दुप्पट वेळ लागतो आणि आपण घाईत असतो. उपाय या क्रमाने करून पाहा: आधी थेंब कमी करा. मग थांबायचा वेळ पाच मिनिटं करा, पंख्याखाली उभं राहिलं तरी चालेल. सनस्क्रीन चोळू नका, दाबत पसरवा. तरीही गोळे आले, तर जून ते सप्टेंबर सकाळचं मॉइश्चरायझर वगळा, सनस्क्रीनमधला ओलावा तेलकट त्वचेला पुरतो. एवढं करूनही जमलं नाही, तर ती दोन उत्पादनं एकमेकांची नाहीत. सीरम रात्रीकडे सरकवा.

चिकटपणा येतो तो ग्लिसरीनमुळे. दमट हवेत जेलचं मॉइश्चरायझर घ्या आणि जाड क्रीम डिसेंबर-जानेवारीसाठी ठेवा. पण महापे किंवा ऐरोलीच्या ऑफिसात आठ-नऊ तास एसीखाली बसणाऱ्यांची गोष्ट वेगळी. बाहेर घाम आणि आत कोरडी थंड हवा, त्यामुळे डोळ्यांखालच्या रेषा दुपारपर्यंत खोल दिसायला लागतात. त्या पाणी कमी झाल्याच्या रेषा असतात, वयाच्या नव्हेत. त्यासाठी महागडं पेप्टाइड बदलत बसू नका. सेरामाइडचं हलकं मॉइश्चरायझर सकाळी लावा आणि दुपारी डोळ्यांभोवती पुन्हा थोडंसं टिपा.

कपाळावर आणि केसांच्या रेषेवर एकसारखे, बारीक, खाजणारे दाणे उठले, तर ते बुरशीचे असू शकतात. पावसाळ्यात असे दाणे खूप दिसतात. नवं तेलकट क्रीम आणि डोक्याचं तेल दोन आठवडे बंद ठेवून पाहा. नाही उतरले तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. मुरमांची औषधं स्वतःच्या मनाने लावली तर ते हटत नाहीत. मेडिकलमधून मिळणारी स्टेरॉइडची मिश्र मलमं तर चेहऱ्याला अजिबात लावू नका.

दाढी करणाऱ्यांनी ताज्या दाढीवर अल्कोहोलचं सीरम टाळावं. आधी मॉइश्चरायझर लावावं आणि पेप्टाइड रात्री.

साठवण

गिझरच्या शेजारची बाथरूमची फळी ही सगळ्यात वाईट जागा. बेडरूमच्या बंद कपाटात, २५ ते ३० अंशांत बाटली नीट राहते. मे महिन्यात फ्रिजच्या दारात ठेवा, फ्रीजरमध्ये नको. उघड्या डबीपेक्षा हवा न शिरणारा पंप बरा, कारण डबीत रोज बोट जातं. उघड्या झाकणाच्या चित्रात ६ किंवा १२ चा आकडा असतो. उघडल्यापासून तितकेच महिने वापरा. बाटली उघडल्याची तारीख मार्करने तळाशी लिहून ठेवा.

फरक मोजायचा कसा

तिसऱ्या-चौथ्या दिवशी चेहरा भरलेला दिसतो, तो ग्लिसरीन आणि हायल्युरॉनिक आम्लाचा परिणाम. पेप्टाइडचा निकाल ८ ते १२ आठवड्यांनी बघायचा. सुरुवातीला, चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्यात फोटो काढा: तीच खिडकी, तीच वेळ, दिवे बंद, चेहरा धुतल्यावर अर्ध्या तासाने, एकदा न हसता आणि एकदा हसून. फोनमधलं सौंदर्य फिल्टर बंद आहे ना, ते तपासा. बारा आठवड्यांनी फोटोत काहीच दिसलं नाही, तर बाटली पुन्हा घेऊ नका. दुसऱ्या प्रकारचं पेप्टाइड एकदा करून पाहायला हरकत नाही. तिसरं नको, तेव्हा रेटिनॉलबद्दल डॉक्टरांशी बोला.

सुया

घरगुती डर्मारोलर, म्हणजे बारीक सुयांचा रूळ, फिरवून वर पेप्टाइड लावण्याची टूम धोक्याची आहे. सीरम अखंड त्वचेवर लावण्यासाठी बनवलेलं असतं. सुयांच्या छिद्रांतून त्यातले सुगंध आणि टिकवणारे घटक खोल जातात. सुयांनंतर लावलेल्या प्रसाधनांमुळे चेहऱ्यावर चिवट गाठी उठल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. संसर्गाची भीती वेगळीच.

ऑनलाइन कॉपर पेप्टाइडच्या कुप्याही मिळतात, ‘फक्त संशोधनासाठी’ असं बारीक अक्षरात लिहिलेल्या, आणि लोक त्या घरी टोचून घेतात. कायद्याने प्रसाधन म्हणजे त्वचेवर चोळायची, ओतायची किंवा फवारायची वस्तू, टोचायची नव्हे. त्या कुपीतली शुद्धता, निर्जंतुकपणा आणि मात्रा यांची कुणीच हमी घेतलेली नसते. पार्लरमध्ये कुणी असं इंजेक्शन सुचवलं, तर नकार द्या. आधीच टोचून घेतलं असेल आणि गाठ, ताप किंवा पसरत जाणारी लाली असेल, तर कुपी सोबत घेऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठा. कुपी टाकून देऊ नका, आत काय होतं हे डॉक्टरांना तिच्यावरूनच शोधता येईल.